दारातून काढलेले फोटो

मी एक जुनी झूम लेन्स आहे, मित्रांनो. माझ्या नळीत एकामागे एक सोळा काचा आहेत. त्यांतल्या एकीवर आता बुरशी आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक आणि पांढरी. तिच्यामुळे मला सगळं जग धुक्यातलं दिसतं.

कारखान्यातून मी दुकानात आले, तेव्हा दुकानदार मला 'सगळीकडे चालणारी' म्हणायचा. समोरचा डोंगर असो की घोळक्यातला एखादा चेहरा, माझी नळी फिरवली की काम झालं. नवशिक्यांचा माझ्यावर फार जीव.

एकदा एक मुलगी वडिलांबरोबर पहिला कॅमेरा घ्यायला आली. वडील चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचे. त्यांनी मला उजेडाकडे धरलं आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"काच चांगली आहे," ते म्हणाले, "पण हिला दहा कामं लावलीत. अंधाऱ्या खोलीत हात टेकेल. त्यापेक्षा ती छोटी घे. झूम नाही, पण उजेड भरपूर घेते."

"झूम नाही म्हणजे माणसांच्या अगदी जवळ जावं लागेल, बाबा."

"मग जा की! माणसं काय चावतात? भित्री भागूबाई!"

दुकानदारसुद्धा हसला. पण तिने घेतलं मलाच.

पहिली तीन वर्षं सुखाची होती. परांचीवरचे गवंडी, बसथांब्यावर पेंगणारी माणसं, समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी तिची आत्या. सगळे आम्ही लांबूनच टिपले. "अगं, मला कळलंसुद्धा नाही कधी काढलास!" असं आत्या म्हणाली, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता.

मग वडिलांची फुप्फुसं निकामी होत गेली. डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत सांगितली. घरात वडिलांचा एकट्याचा एकही धड फोटो नव्हता. घरातल्या कुठल्याही कार्याला, फोटोची वेळ आली की ते नेमके खुर्च्या उचलत असायचे. मुलीला त्यांचा एक, फक्त एक स्वच्छ फोटो हवा होता.

उजेड सहन होत नसे, म्हणून त्यांच्या खोलीचे पडदे ओढलेले असत. ती रोज दुपारी दारात उभी राहायची आणि मला पूर्ण लांबवायची. मित्रांनो, पूर्ण लांबवल्यावर माझ्यातून जाणारा उजेड एक तृतीयांशाहूनही कमी होतो आणि हाताची थरथर मात्र कितीतरी मोठी दिसते. मला आखडून ती चार पावलं आत आली असती, तर मी तो चेहरा नक्की टिपला असता. पण मला बोलता कुठे येतं?

"भागूबाई, आत ये ना," ते म्हणायचे. "तिथून तू नुसती सावली दिसतेस."

"इथूनच छान येतोय, बाबा. हलू नका."

"मी कुठे हलतोय आता!"

तिला त्यांच्या घशाची घरघर जवळून ऐकवत नव्हती. माझ्या आडून ती ओठ चावत रडायची. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळेच फोटो स्वच्छ दिसत होते. रोज एक असे अठ्ठावीस फोटो झाले. एकोणतिसाव्या दुपारी पलंग रिकामा होता.

फोटो मोठा करायला ती स्टुडिओत गेली. तिथल्या माणसाने एकेक फोटो मोठ्या पडद्यावर उघडून पाहिला.

"ताई, हललेत सगळे."

"एकही नाही?"

"या एकात हात स्थिर आहे. पण फोकस दाराच्या चौकटीवर बसलाय."

चौकटीच्या लाकडाची रेघ न् रेघ स्पष्ट होती. तिच्या पलीकडे उशीवर एक करडा डाग होता. शेवटी भिंतीवर लागला तो वडिलांच्या कामाच्या ओळखपत्रावरचा फोटो, ताणून मोठा केलेला.

तिने मला चामडी पिशवीत घालून कपाटावर टाकलं. भिंतीला ओल होती. चार वर्षांनी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला खिडकीपाशी धरलं, दुकानात वडिलांनी धरलं होतं तसंच.

"बुरशीने काच खाल्लीय. आता पुसून जायची नाही," ते म्हणाले. "वापरात असती तर टिकली असती."

मुलीने मान हलवली. मला तिथेच ठेवून ती गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या लेन्सला कोरडं ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा, पिशवीत कोंडू नका. आणि अंथरुणावरून कुणी "आत ये" म्हणालं, तर कॅमेरा दाराबाहेर ठेवा आणि आत जा. फोटो नाही निघाला तरी चालेल.