आखाजीला खोललेलं इंजिन

"कोनी धोयं हाई?" निंबाने विचारलं.

ओट्यावरच्या परातीत तीन कॅप्स चकाकत होत्या. पिस्टनचा दांडा क्रँकला धरून ठेवणारे हे अर्धगोल लोखंडी तुकडे काल त्याने वर्तमानपत्रावर आपापल्या दांड्याशेजारी मांडले होते. दांड्यांवर त्याने खिळ्याने खुणा केल्या होत्या, कॅप्सवर नाही. त्याच्या गॅरेजात वस्तू ठेवलेल्या जागीच सापडायची; पण हा घरचा ओटा होता.

"मीच," अक्षय्य तृतीयेसाठी घर आवरणारी त्याची आई धुरपदाबाई म्हणाली. "राख लाईसन घासं. उद्या आखाजी. पितरेसनी घागर भरनी शे, न दारमा काळं तेल?"

"माय, तुना पितर व्हॅनमा बशीसन येतस का?"

त्याची वहिनी भागीरथी हसली नाही. व्हॅन तिची होती. गॅरेज दिराचं, म्हणून काम निम्म्या खर्चात होत होतं. सुरतेच्या भेस्तानमधली मुलं ती शाळेत सोडायची. इंजिन ऑइल पिऊ लागलं, निळा धूर सोडू लागलं, तशा गेटवरच्या आया दुसऱ्या व्हॅनची चौकशी करू लागल्या. रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट नवी आणली. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता कणा, जुनाच चालवायचा होता. तो गेला तर व्हॅन भंगारात.

"वहिनी, कॅप न दांडा संगेच आवळीसन गोल कापेल ऱ्हातस," निंबा म्हणाला. "जोडी बदली, ते क्रँक खलास."

"मंग जोडी सोधू."

आधी त्यांनी सगळं रॉकेलने धुतलं. राखेचा एक कणही बेअरिंगमध्ये जाऊन चालणार नव्हता. मग निंबाने पहिल्या दांड्यावर एक कॅप नुसतीच आवळली आणि आतल्या जोडावरून नख फिरवलं; खऱ्या जोडीत तिथे नख अडत नाही.

"मनं नख घासाई गयं. तू पाह्य."

फावल्या वेळात साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या भागीरथीने करंगळीचं नख हलकेच फिरवलं.

"अटकनं."

त्याने कॅप उलटी लावली.

"तरी अटकनं."

दुसरी लावली. तिच्यावरही नख अडलं. तिसऱ्या कॅपवर नख सरळ पलीकडे गेलं. तिने पुन्हा फिरवलं, मग डोळे मिटून पुन्हा.

"हाईच."

"पक्कं?"

"चुकीचं सांगीसन व्हॅन मनीच मरी ना?"

निंबाने लगेच छिन्नीने कॅपवर खूण केली.

धुरपदाबाई दारात येऊन उभी राहिली. "लोखंडले बी नातं ऱ्हास, माले काय माहीत!"

उरलेल्या दोन जोड्या भागीरथीने तशाच लावल्या. बेअरिंग घालून सगळे बोल्ट आवळल्यावर निंबाने क्रँक हाताने फिरवला. तो कुठेही न थबकता जड, सारखा फिरला.

उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी व्हॅन पहिल्या चावीला सुरू झाली. रिंगा नीट बसेपर्यंत पळवायची नाही, असं निंबाने बजावलं होतं. उधना रोडवर मागून दुसरी व्हॅन हॉर्न वाजवत आली. तिच्यात गेटवरच्या आयांपैकी चंचलबेनची दोन्ही मुलं होती. गेल्या वर्षी ती भागीरथीच्या मागे बसायची. थोरलीने ओळखून हात हलवला.

"आंटी, भगाओ ना! वो आगे जा रहे हैं!" भागीरथीच्या व्हॅनमधली मुलं ओरडली.

"जाने दो."

भागीरथीने हात हलवला आणि डावीकडे सरकून वाट दिली. मागच्या सीटवर दोघांची जागा रिकामी होती. तिथे आज बाकीच्यांनी दप्तरं ठेवली होती.