छाटीतला निळा कागद

“छाट वापस मांग वो. न मांगशील त गेलीच समज,” सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते.

शामकलाबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, अर्धं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. वळलेल्या विड्यांतून ठेकेदाराचा माणूस ‘वाईट’ विड्या निवडून बाजूला टाकतो, ती छाट. तिचे पैसे नाहीत, ती परतही मिळत नाही, आणि त्याच विड्या पुढं कुठंतरी विकल्या जातात, ओढल्या जातात. पण मी बीए झालेली, आणि माझे तर रंगवलेले कागद होते. चित्रकलेत कसली आलीय छाट!

ओमेश सर गोंदियातले नावाजलेले चित्रकार. त्यांची रीत अशी: आधी जाड कागदावर जलरंगात फिकट आभाळ, पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं. ते वाळलं की त्यावर हातानं रंगवलेल्या कागदांचे तुकडे तांदळाच्या पेजेनं चिकटवायचे. तुकडे कात्रीनं कापायचे नाहीत, फाडायचे. फाटलेल्या कडेला पांढरी रेघ सुटते, ती पाण्यावरच्या उजेडासारखी दिसते. लोक त्या कडांसाठीच त्यांची चित्रं घेतात.

ते कागद मी रंगवायची, घरी, दुपारी माझी लेक खुशी झोपली की. ओल्या निळ्यावर जाडं मीठ टाकलं की कण्यांएवढी पांढरी फुलं उमटतात. किती ओलं असताना टाकायचं, ते हातालाच कळतं. रंगाच्या वाट्या मी माळ्यावर ठेवायची. तरी खुशीच्या नखात रंग दिसला की मी हातातलं काम टाकायची. तिला आ करायला लावायची, जीभ बघायची, पुन्हा बघायची.

हे सगळं एका गोष्टीसाठी. पुढच्या प्रदर्शनात माझं एक चित्र माझ्या नावानं लावू, असं सर म्हणाले होते.

एका दुपारी मी मीठ आणायला उठले, तेवढ्यात खुशी जागी झाली आणि ओल्या निळ्या कागदावर तिनं थाप मारली. मी तिचा हात लाल होईपर्यंत धुतला. मग कागदाकडे पाहिलं. पाच बोटं, मध्ये तळवा, आणि बोटांच्या टोकांना रंग ओघळून पिसांसारखा झालेला. माझं चित्र मला सापडलं होतं.

कागद द्यायला गेले तेव्हा मी विचारलं, “सर, हा मी ठेवू का? माझ्या चित्रासाठी?”

सरांनी कागद खिडकीशी धरला. बराच वेळ. “बेटा, ये तो गया. छाट है.” आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकला.

“मग घरी नेते.”

“अरे, कचरा घर ले जाओगी? दूसरा बनाओ. तुम्हारा हाथ अभी कच्चा है.”

घरी सासूबाईंनी रिकामी पिशवी पाहिली. “छाट काऊन नाही आणलीस?”

“लाज वाटली मागायला.”

“तूच लाजून राहिली. तो लाजते का?”

प्रदर्शन भरलं. मी दुसरा कागद रंगवून केलेलं चित्र कुठल्याच भिंतीवर नव्हतं. सर म्हणाले, जागा पुरली नाही. समोरच्या भिंतीवर त्यांचं सगळ्यात मोठं चित्र होतं. फिकट पाण्यावरून उडणारा निळा पक्षी. त्याचा पंख म्हणजे पाच बोटं.

“हा पंख कसा सुचला सर?” उद्घाटनाला आलेल्या बाईंनी विचारलं.

“मॅडम, बच्चों की तरह देखना पड़ता है.”

माझ्या कडेवरची खुशी वाकली आणि तिनं पंखावर हात ठेवला. सर ओरडले, “बच्ची को संभालो! पेंटिंग है!”

“सर, हा हात तिचाच आहे,” मी म्हणाले.

बाई हसल्या. मग सगळेच हसले, सर सगळ्यांत मोठ्यानं. “हर माँ को यही लगता है!”

मी काम सोडलं. आता माझ्या जागी गुंजन आहे. सौंदडची, अंगावर पिणारं बाळ घेऊन सरांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहते. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताई, तुमचं काम सुटलं म्हणून तुम्ही जळता.”

मग एके दिवशी तिचाच फोन आला. रडत होती. तिनं स्वतःच्या चित्रांचा सगळा गठ्ठा सरांना दाखवायला दिला होता. मागायला गेली तर सर म्हणाले, कौनसे चित्र? मागून बाळ रडायला लागलं, तिनं फोन ठेवला. तेव्हापासून तो बंद लागतो. मी दारात गेले, तर सरांनी बाहेरूनच परत पाठवलं. वर माझ्याबद्दल गावभर सांगितलं, रुचिकाचं डोकं फिरलंय.

तुम्हाला तसं कुणी म्हणणार नाही. गोंदियात असाल तर चित्र घ्यायच्या निमित्तानं सरांच्या घरी जा. मागच्या खोलीचं दार वाजवा, गुंजन आहे का विचारा. तिला बघा, बाळाला बघा, दोघांच्या पोटात काही जातंय का ते बघा. आणि दार उघडलंच नाही, तर तिथून हलू नका, मला बोलवा.