जांभळ्या ठिगळाची गोधडी

"निवृत्त माणसाच्या हातून एक तरी वस्तू अशी घडली पाहिजे, की शंभर वर्षांनी लोकांनी ती हात जोडून बघावी," असं यज्ञेश्वर गायधनी ऊर्फ नाना यांनी त्र्याऐंशी सालच्या श्रावणात आपल्या गॅलरीत उभं राहून जाहीर केलं. मग ते खाली बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. दुपारच्या चहापर्यंत ते ओवतच होते. शेवटी इंदिरावहिनींनी कपबशी खाली ठेवली, दोरा ओवला, कपबशी उचलून नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घ्या. करा शंभर वर्षांना सुरुवात."

नाना पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले आणि खाली सही साहेबांची पडली. आपलं नाव असलेली एखादी गोष्ट चारचौघांनी थांबून बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती. गोधडी निवडली, कारण गोधडीवर सही करायला कुठलाही साहेब येत नाही.

"नवरात्रात आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाचं हस्तकला प्रदर्शन असतं. त्यात ठेवणार," नाना म्हणाले.

"त्यात बायका भाग घेतात."

"नियमात तसं लिहिलंय का?"

"नियम लिहिलेलेच नाहीत."

"मग झालं तर."

सरावासाठी नानांनी पहिल्या आठवड्यात उशीचा एक अभ्रा शिवला. तो अंगातल्या पायजम्याला शिवला गेला होता. टाके मात्र फूटपट्टीनं मारल्यासारखे सरळ होते. म्हणून त्यांनी तो उसवू दिला नाही, पायजमाच काढून नमुना म्हणून खुंटीला टांगला. मग त्यांनी गोधडीचा रीतसर नकाशा काढला. त्यावर उत्तर दिशेचा बाणही होता. आता फक्त कापड हवं होतं.

गोधडीला जुनं कापड लागतं, आणि ते गायधन्यांच्या घरात नव्हतं. जुनं झालेलं सगळं वहिनींनी वेळच्या वेळी बोहारणीला देऊन त्याची स्टीलची भांडी करून घेतली होती.

"अगं, माझा तो निळा सदरा कुठंय?"

"पाणी पिताय ना, त्यातच."

"आणि तुझी ती आबोली साडी?"

"तिच्यात पोहे आहेत."

आत घालायला दोन विटक्या चादरी तेवढ्या मिळाल्या. वरच्या ठिगळांचं काय, या चिंतेत भाद्रपद निम्मा सरला. तेवढ्यात देवळाली कॅम्पला दिलेल्या लेकीचं बाळंतपण आलं आणि वहिनी तिकडे गेल्या. घर रिकामं झालं, आणि रिकाम्या घरात नानांना कपाटाच्या तळाशी एक फुगलेली पिशवी सापडली.

पिशवीत ब्लाउजपीस होते. पुष्कळ होते, कोरे होते, आणि वर्षानुवर्षं कोणी शिवायला टाकलेले नव्हते. यावरून नानांनी असा निष्कर्ष काढला की ते कोणालाच नको आहेत. नकाशे वाचणाऱ्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती, कारण ती पिशवी म्हणजे एक धरण होतं. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला, ओटीला, डोहाळजेवणाला ब्लाउजपीस या घरातून त्या घरात जात असत. ते शिवण्यासाठी नसतच, ते पुढे देण्यासाठी असत. त्यातला एक जांभळा होता, टेरिकॉटचा, त्यावर पोपटी ठिपके. तो कोणी अंगात घातला असेल असं वाटत नाही. खरं म्हणजे तो कधी कोणी विकत घेतला असेल असंही वाटत नाही.

नानांना तो फारच आवडला. त्यांनी तो गोधडीच्या बरोबर मधोमध घेतला. कोऱ्या कापडाला कात्री लावायचं धाडस होईना, म्हणून प्रत्येक ब्लाउजपीस त्यांनी मापात दुमडून अख्खाच शिवला. गोधडी गादीएवढी जाड झाली. कोपऱ्यात त्यांनी लाल दोऱ्यानं स्वतःचं नाव भरलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वहिनी परत आल्या. गोधडी बघितली आणि चपला न काढताच खाली बसल्या.

"अहो, माझी पिशवी?"

"केली रिकामी. नुसती पडून होती."

"पडून नव्हती. थांबली होती."

त्या आणखी बोलणार होत्या. पण कोपऱ्यातलं लाल नाव दिसलं. मग उठून त्यांनी चपला तेवढ्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी गोधडीसमोर जी गर्दी झाली, ती शेजारच्या मोत्यांच्या मोराला झाली नाही. बायका येत, थबकत, वाकून एकेक ठिगळ न्याहाळत आणि एकमेकींकडे न बघता सरकत. आपण भलत्याच घरी दिलेला ब्लाउजपीस इथे कसा, हे प्रत्येकीला विचारायचं होतं. पण विचारावं, तर तो आपल्याला कोणी दिला होता तेही निघणार, आणि ती तर शेजारीच उभी. त्यामुळे सभागृहात अशी शांतता पसरली की नानांना भरून आलं.

"बघितलंस?" ते वहिनींना म्हणाले. "बोलत नाहीये कोणी."

"नाही बोलायचं कोणी," वहिनी म्हणाल्या.

सिंधुबाई तर जांभळ्या ठिगळापाशी तीनदा आल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष, राहायच्या नानांच्याच वरच्या मजल्यावर. एकदा तर त्यांनी डोळे मिटून ठिगळावरून हात फिरवला. हे बघून नानांनी खिशातून रुमाल काढला.

निकाल लागला. पहिलं बक्षीस नानांना. त्यांच्या नावापेक्षा वेगळं नाव सुचवून गोधडीवर चर्चा सुरू करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. महिला मंडळाचं बक्षीस ठरलेलं असे, नारळ आणि ब्लाउजपीस. केशरी होता. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि "पुढच्या गोधडीचा श्रीगणेशा" असं म्हणाले. मागच्या रांगेत दोघींना ठसका लागला.

संध्याकाळी गोधडी दिवाणावर अंथरून नाना लांबून बघत बसले होते. सिंधुबाई दारात आल्या.

"नाना, एक काम होतं."

"या, या. दुपारी तुम्ही किती तन्मय होऊन बघत होतात, लक्ष होतं माझं."

"हो. तोच आहे ना, ते बघत होते." सिंधुबाई आत आल्या. "उद्या सकाळच्या एसटीनं घोटीहून आमच्या विहीणबाई येतायत. ओटी भरायचीय. तेवढा तो जांभळा काढून द्याल का?"

नानांनी गोधडीकडे बघितलं. मग बक्षिसाचा केशरी पुढे केला. "हा न्या ना. कोरा आहे."

"तो विहीणबाईंनीच मला दिलाय, संक्रांतीला. मीच घातला मंडळाच्या बक्षिसात."

नानांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या.

"अहो, पण मधोमध खड्डा पडेल," नाना म्हणाले.

"पडू दे की जरा. विहीणबाई काय तो शिवून घालणार आहेत? चैत्रापर्यंत फिरून वहिनींकडेच येतो की नाही बघा. मग लावा परत." सिंधुबाईंनी दिवाणाच्या कडेला बसून ठिगळ चाचपलं. "आत अख्खा दुमडलाय, दुपारीच हात लावून बघितलंय मी. फक्त टाके तेवढे अलगद काढा हं, नाना. भोकं दिसायला नकोत."