भिजलेल्या कुत्र्याचं रडणं

"पाद्री कुठं राहतो?" उबाल्दोकाकांनी विचारलं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत सिंथेसायझरच्या पोटात होता आणि दातांत सोल्डरची तार होती.

"चर्चच्या मागं," मी म्हटलं.

"तसं नव्हे गं. फळीवर कुठं राहतो?"

मी पंखे दुरुस्त करते. दुकान आम्हा दोघांचं. मधे खडूची रेघ. रेघेच्या अलीकडे माझे पंखे आणि मिक्सर, पलीकडे त्यांचे जुने कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर. पाद्री फळीवर कुठं राहतो हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाने विचारलं तर उठून बघावं, म्हणून मी उठले. यंत्राच्या उजव्या अंगाला ॲल्युमिनियमची नवीकोरी फळी बसली होती. तिच्यात भोकांच्या चार ओळी. सगळी भोकं एकमेकांची जुळी भावंडं.

"वरच्या ओळीत तिसरा," मी अंदाजाने ठोकून दिलं.

"तिथं दाताचा डॉक्टर."

"तो मेला की मागच्या वर्षी."

"माणूस मेला. भोक आहे ना."

 मी परत पंख्याकडे गेले.

या प्रकाराला सुरुवात झाली ती लाकीदेसमालकांमुळे. 'भिजलेला कुत्रा' हा त्यांचा पिको, म्हणजे रस्त्यावर नाचाची गाणी वाजवणारा फिरता संच: कपाटाएवढे दोन स्पीकर, त्यांवर हिरव्या-जांभळ्या रंगात थरथरणारा कुत्रा, एक ट्रक, तबकड्यांचे खोके आणि हा सत्तरच्या सुमाराचा सिंथेसायझर. आमच्या बारांकिया शहरात पिकोवाले पुष्कळ, पण रडणारा पिको हा एकच. गाणं रंगात आलं की मालक पट्टी दाबायचे आणि यंत्रातून पावसात बाहेर राहिलेल्या कुत्र्यासारखं रडणं निघायचं. ते दर वेळी थोडं वेगळं निघायचं आणि नाचणारी माणसं त्याला रडून उत्तर द्यायची. आमच्या वस्तीत पोरं बोलायच्या आधी तसं रडायला शिकतात.

तीन वर्षांपूर्वी यंत्रातला एक भाग म्हातारपणाने गेला. उबाल्दोकाकांनी त्या जागी चांगला भाग घातला आणि तेव्हापासून यंत्र सभ्य झालं. पट्टी दाबली की चर्चमधल्या बाजासारखं बोलायचं. लोक उत्तर द्यायचे थांबले. मग ते आमच्यासमोर नाचायचेच थांबले आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला 'लोखंडी नन' नावाचा पिको लागायचा, त्याच्यासमोर जायला लागले.

मालकांचा जावई याइर म्हणाला, "सासरेबुवा, हे भंगार विका. माझ्या लॅपटॉपमध्ये जुनं रडणं रेकॉर्ड आहे. बटण दाबलं की रडतं."

"दर वेळी सारखंच रडतं," मालक म्हणाले.

"मग? कुत्रा एकच आहे ना?"

मालकांनी खूप विचार केला आणि शेवटी सांगितलं, की यंदाच्या कार्निव्हलच्या रविवारी यंत्र रडलं तर ठीक, नाहीतर पिको याइरचा. लॅपटॉपला तंत्रज्ञ लागत नाही. म्हणजे उबाल्दोकाका घरी.

आणि घरी काकांचं काही नव्हतं. बायको पनामाला मुलीकडे गेली ती तिकडचीच झाली. काकांना नाचता येत नाही, पोहता येत नाही, डॉमिनो खेळताना त्यांना झोप लागते. त्यांचं आयुष्य म्हणजे ट्रकवर यंत्राच्या उजव्या हाताला उभं राहणं. विशीत ते तिथे चढले, ते अजून उतरले नव्हते. कुणी विचारलं, काय करता, तर ते म्हणत, "मी कुत्र्यासोबत असतो."

म्हणून त्यांनी परदेशातून हा जोडसंच मागवला. अशा यंत्रात एक भाग सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला हलवतो, आणि सुराचा रस्ता आतल्या आत ठरलेला असतो. ही फळी बसवली की प्रत्येक भागाचं तोंड बाहेर भोकाशी येतं. मग वायरीने कुठलंही तोंड कुठल्याही तोंडाला जोडा. बरोबर जुळलं तर हरवलेलं रडणं सापडेल, असा काकांचा हिशेब. त्यांनी प्रत्येक भोकामागून तार ओढून आतल्या सर्किटवर सोल्डर केली. भोकांखाली इंग्रजीत नावं छापलेली होती. काम चोख झालं होतं.

तेवढ्यात मालक आले.

"ही नावं कशाला?"

"कुठल्या भोकात काय, ते कळायला, मालक."

"कुणाला कळायला? ननवाल्यांना?"

आमच्याकडे पिकोवाला नवी तबकडी आणतो तेव्हा आधी तिच्यावरचं नाव खरवडतो. गाणं कुठलं हे दुसऱ्याला कळलं तर तोही तीच मागवेल. लहानपणी मला वाटायचं, तबकड्या पोट सोललेल्याच जन्मतात. त्यामुळे मालकांनी खिशातून ब्लेड काढलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. काकांनाही नाही. उलट त्यांनी फळी नीट धरून दिली. मग ननवाले मागून डोकावतील म्हणून मालकांनी फळीच्या पाठीमागे, सगळ्या तारांवर, काळी राळ ओतली. ती तासाभरात दगड झाली.

"आता कुठलं काय?" मालकांनी विचारलं.

"माझ्या ध्यानात आहे की."

"तू उद्या ट्रकखाली आलास तर?"

म्हणून दोघांनी खुणेसाठी भोकांना आमच्या गल्लीतल्या माणसांची नावं दिली. वरच्या दोन ओळी चर्चच्या बाजूची घरं, खालच्या दोन नाल्याच्या बाजूची. सूर काढणारं भोक पाद्र्याला दिलं, गाळणारं न्हाव्याला. हलवणारं औषधवाल्या तोमासाबाईंना, कारण त्या चालताना हलतात, असं मालक म्हणाले. मी पंख्यात डोकं घातलं.

शुक्रवारी कळलं, की काकांनी घरं आजची धरली होती आणि मालकांनी त्यांच्या तरुणपणातली.

"पाद्री पुलाजवळ," मालक म्हणाले.

"पुलाजवळ आता टायरवाला आहे, मालक."

"टायरवाला काल आला. पाद्री तिथंच राहायचा. मी त्याच्या आंब्यावर दगड मारलेत."

"तो दुसरा पाद्री."

"पाद्री पाद्रीच असतो रे."

शनिवारी सकाळपर्यंत दोन गल्ल्या एकमेकींत इतक्या मिसळल्या, की काकांना स्वतःच्या ध्यानावरही भरवसा राहिला नाही. ते वायर उचलायचे, "न्हावी" म्हणायचे, कुठेतरी खुपसायचे. यंत्र एकदा फ्रिजसारखं घुरघुरलं. एकदा कुणीतरी दूर शिंकल्यासारखा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. पुढच्या जोडणीला तर काहीच वाजलं नाही, पण माझा दुरुस्तीला आलेला पंखा आपोआप सुरू झाला. त्याचं मी गिऱ्हाइकाकडून काही घेतलं नाही.

"वस्तीलाच विचारू," काका थकून म्हणाले.

हे त्यांनी मला म्हटलं होतं. पण दार उघडं होतं आणि आमच्या गल्लीत उघड्या दारातून कुणी शिंकलं तरी तिघे बरं व्हायच्या शुभेच्छा देतात. दुपारपर्यंत दुकानात न्हावी, टायरवाला, तोमासाबाई आणि दाताच्या डॉक्टरची विधवा एवढी मंडळी जमली. जो तो आपलं भोक शोधत होता.

"मी कुठली?" तोमासाबाईंनी विचारलं.

"तुम्ही बहुतेक ही, बाई," काका म्हणाले. "किंवा ही."

"आणि माझ्या शेजारी हा कोण?"

"न्हावी."

न्हाव्याने टोपी काढून मान लववली. तोमासाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मांजराची मिशी त्याने कापली होती, त्याला बरीच वर्षं झाली.

"मला याच्याशेजारी राहायचं नाही."

"बाई, ते नुसतं भोक आहे."

"मग नुसत्या भोकाला दुसरीकडे न्यायला तुझं काय जातं रे, उबाल्दो?"

"भोक हलत नाही हो."

"वायर हलते की." असं म्हणून तोमासाबाईंनी वायर उपटली आणि आपल्याला पाद्र्याचं घर वाटलं त्या भोकात खुपसली. डॉक्टरच्या विधवेला ते पटलं नाही. तिने नवऱ्याची वायर उचलून पुलाजवळ नेली, तिथे हवा चांगली असते म्हणून. टायरवाला म्हणाला, पूल माझा आहे. त्याने विधवेच्या हाताला हळूच धक्का दिला. वायर भलत्याच भोकात गेली.

यंत्र रडलं.

तेच रडणं. खालून सुरू होऊन वर जाणारं, मधे थरथरणारं, शेवटी उत्तराची वाट बघत थांबणारं. न्हावी सवयीने त्याला रडून उत्तर देऊन बसला आणि मग ओशाळला.

"कुणी हात लावू नका," उबाल्दोकाका म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता, की सगळ्यांनी ऐकला.

कुठली वायर कुणाच्या घरी आहे हे कुणालाच सांगता येईना. रडणं ऐकून मालक आणि याइर धावत आले. मी फोन काढला, तर मालकांनी माझ्या हातावर चापट मारली. "फोटो काढतेस? उद्या ननवाल्यांच्या फोनवर जाईल." वायरी चिकटपट्टीने बांधाव्यात असं याइर म्हणाला, पण बांधायला हात लावावा लागतो, म्हणून तेही राहिलं.

रविवारी सकाळी यंत्र चौकात न्यायचं होतं. ते ट्रकवर चढवलंच नाही. ट्रकचे धक्के बसतात. आठ माणसांनी उशीवर ठेवून चालत नेलं. वाटेतल्या बायकांना वाटलं कुठला तरी संत चाललाय. काहींनी क्रॉसची खूण केली, आणि एकीने आपल्या गुडघ्यासाठी काहीतरी मागितलं. काका यंत्राच्या उजव्या अंगाला, हात न लावता, पण लावल्यासारखे चालत होते.

चौकात ऊन तापलं होतं. समोरच्या टोकाला नन, या टोकाला कुत्रा. इथे पंच नसतो. माणसं ज्याच्यासमोर नाचतात तो जिंकतो. दुपारी मालकांनी पहिल्यांदा पट्टी दाबली आणि कुत्रा रडला. ननसमोरच्या गर्दीतली काही डोकी वळली. दुसऱ्यांदा रडला तेव्हा त्यातली बरीच माणसं चालायला लागली.

पण कार्निव्हलमध्ये माणूस आनंदला की मक्याचं पीठ उधळतो. गर्दी इकडे आली ती पीठ उधळतच आली. फळी झाकायचं कुणाला सुचलं नाही. पीठ उडू नये असा विचार आमच्याकडे कुणी कार्निव्हलमध्ये करत नाही. तिसऱ्यांदा पट्टी दाबली तेव्हा यंत्र बाजासारखं सभ्य बोललं.

मालक पांढरे पडले. तसे पिठाने सगळेच पडले होते. याइरने शांतपणे लॅपटॉप उघडला.

काकांनी फळीकडे पाहिलं. एका भोकात पीठ जाऊन वायर सैल झाली होती. कुणाचं भोक ते त्यांनी विचारलं नाही. वायरीचं टोक दोन बोटांत धरून त्यांनी ते आत, थोडं डावीकडे दाबलं. मालकांनी पट्टी दाबली. रडणं आलं. काकांनी बोटं उचलली, गेलं. परत दाबली, आलं.

"असंच धरून राहा," मालक म्हणाले.

"राहतो," काका म्हणाले.

याइरने लॅपटॉप मिटला, पण पिशवीत घातला नाही.

संध्याकाळपर्यंत चौकाचं ननकडचं टोक रिकामं झालं. ननवाल्यांची माणसंही आमच्यात येऊन नाचत होती. रेडिओची एक मुलगी माइक घेऊन मागे आली. तिने पिठाने माखलेल्या, फळीला हात लावून वाकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बोट केलं.

"हे कोण?"

मालकांनी आधी ननच्या बाजूला पाहिलं, मग तिच्याकडे. "ते? कोणी नाही."

"नाव तरी?"

"नाव नाही त्याला."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मान जागची न हलवता ते हसले. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. आनंदाने हसले की कसे, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण मालक पुन्हा पट्टी दाबत होते.

काकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी पानात बांधलेला लिसा माशाचा भात आणला, स्पीकरमागे उकिडवी बसले आणि त्यांना चमच्याने भरवायला लागले. त्यांचा उजवा हात फळीवर होता आणि डावा हात उजव्याला आधार देत होता.

"कसा आहे?"

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

चौथ्या-पाचव्या घासाला ते चावायचे थांबले. काटा आला होता. थुंकायचं तर मान वळवावी लागली असती, आणि मान वळली की खांदा हलतो. त्यांनी काटा जिभेने गालाच्या कोपऱ्यात सारला आणि गाणं संपेपर्यंत तिथेच ठेवला.