उलट्या आट्यांची रिंग

चाक अगदी सुरेख झालं होतं, आणि तरी महानंदाचं तोंड उतरलं.

यशवंतपूरच्या त्या टपरीवजा दुकानात विश्वेश्वर अण्णांनी दोन आठवडे खपून तिच्या सायकलसाठी हे मागचं चाक बांधलं होतं. रिम कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या स्पोर्ट्स सायकलची, मधला हब साध्या सायकलला असतो तसला लोखंडी, तारा तेवढ्या नव्या. तयार चाक घ्यायचं तर घराचं अर्धं भाडं त्यात गेलं असतं. हे पाव किमतीत झालं. अण्णांनी बोटाने गरकन फिरवून दाखवलं. कुठे तसूभर आउट नव्हतं. फक्त फिरता फिरता ते टकटक वाजत होतं.

"अण्णा, हे फ्रीव्हील लावलंत."

"मग? फ्रीव्हीलच लावतात की, अक्का."

"मी फिक्स सांगितलं होतं. चाक फिरेल तोवर पायडल फिरायला हवं. मधे थांबायचं नाही."

अण्णांनी हात फडक्याला पुसले. "सांगितलं होतंस, सरी, बरोबर आहे. पण मागनं तुझे यजमान येऊन गेले. म्हणाले, लेकुरवाळी आहे, दम घ्यायला पाय मोकळे राहू देत. मला पटलं बघ. पन्नास वर्षं चाकं बांधतोय, दम नको म्हणणारी बाई पहिल्यांदा बघतो."

"आता बदलता येईल?"

"स्वल्प कठीण आहे. नुसती दातेरी चकती पिळून बसवली, तर ब्रेक म्हणून तू पाय मागे रेटलेस की ती सुटून येणार. तिच्या बाहेरून उलट्या आट्यांची रिंग लागते. चकती सुटायला बघते तशी रिंग उलट आवळत जाते. ते आटे ह्या हबला नाहीत, लेथ मशीनवर कातून पाडावे लागतील. आणि हब लेथवर धरायचा तर सगळं चाक उसवायचं." मग ते मिश्कील हसले. "आता लेथवाला कुठे शोधायचा, ते मी तुला काय सांगू?"

लेथवाला घरातच होता. तिचा नवरा दयानंद पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होता.

रात्रीचं जेवण वाढताना तिने विचारलं, "अण्णांना परस्पर सांगून आलात?"

"आलो. पोरीच्या आईनं बिनब्रेकची सायकल हाणायची, ह्या गावात? टँकर कसं येतात बघतीस न्हवं?"

"मी रस्त्यावर नाहीच जाणार. शाळेच्या ग्राउंडवर, सकाळी."

"मग ग्राउंडवर फ्रीव्हील चालत न्हाई व्हय?"

ह्याला उत्तर होतं, पण ताटावर बसलेल्या माणसाला देण्यासारखं नव्हतं. सोळाव्या वर्षी ती जमखंडीहून विजयपूरच्या खेळाच्या होस्टेलात गेली, तेव्हा पहिल्यांदा फिक्सवर बसली. पहिल्या फेरीत सवयीने पाय थांबवले आणि सायकलने तिला उचलून मातीत टाकलं. मग कळलं की इथे लपवाछपवी नाही. चाकाला जेवढं कळतं तेवढं पायांना कळतं, पायांना थकवा आला की चाकाला. शाल्मली झाल्यापासून तिचे दिवस तुकड्यातुकड्यांचे झाले होते. अर्धा चहा, अर्धी आंघोळ, अर्धवट राहिलेलं वाक्य. अर्ध्यावर सोडताच येणार नाही अशी एक तरी गोष्ट तिला हवी होती. वीस मिनिटं का होईना.

दुसऱ्या दिवशी तिने ते चाक बसवून खाली पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून पाहिल्या. पाय थांबवले. सायकल आपली आपण घरंगळत राहिली, वर कोण बसलंय ह्याच्याशी तिला काही देणंघेणं नसल्यासारखी. महानंदा उतरली, वर आली आणि तारांची चावी शोधून तिने चाक उसवायला घेतलं.

शाल्मली दुपारी झोपायची ती जेमतेम अर्धा तास. पहिल्या दिवशी अकरा तारा निघाल्या. दुसऱ्या दिवशी चारच, कारण पोरगी दातांनी बेजार होती. शेजारच्या मालनबाई पीठ मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! चाक उसवतीस का स्वेटर?"

"स्वेटरच. मापात बसला नाही."

छत्तीसच्या छत्तीस तारा परातीत ओळीने मांडल्या गेल्या, तेव्हा तिला क्षणभर भीती वाटली. चांगलं चालणारं चाक मोडून आपण लोखंडाचा ढीग केला. आता ह्यांनी आटे पाडायला नाही म्हटलं तर? तिने हबवरचं फ्रीव्हील अण्णांकडून काढून घेतलं, हब रॉकेलने धुतला, शाल्मलीच्या मऊ झालेल्या लंगोटात गुंडाळला आणि सकाळी दयानंदच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या वर ठेवला. चिठ्ठी लिहायला वेळ नव्हता. होता, पण लिहिली नाही.

संध्याकाळी डबा रिकामा आला. हब त्यात नव्हता.

"आज डबा लई जड होता," दयानंद एवढंच म्हणाला आणि पोरीला घेऊन गॅलरीत गेला. तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, भंगारात टाकला असेल. तिने भांडं आपटून ठेवलं, आणि ही आदळआपट चाकासाठी आहे हे कुणाला सांगावं तर हसतील.

चौथ्या संध्याकाळी त्याने खिशातून लंगोट काढून तिच्या हातात दिला. आत हब होता, टोकाला झळझळीत नवे आटे पाडलेला, आणि दोन रिंगा.

"दोन कशाला?"

"अण्णांकडनं मापं आणली, तरी पहिली सुलट्या आट्यांची झाली. हाताला सवय तीच. जेवणाच्या सुट्टीत करायचो, घाईत ध्यानातच आलं न्हाई. पोरं हसली." तो पायातले बूट काढत वर न बघता म्हणाला, "तारा मोजल्या मी परातीतल्या. एवढं उसवलंस, म्हणजे काहीतरी असंलच. मला कळत न्हाई काय ते. पण एक हाय. पुढच्या चाकाला ब्रेक लागंल."

होस्टेलात फिक्सला ब्रेक लावणाऱ्याची पोरींनी टर उडवली असती.

"लावते," ती म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी तिघं ग्राउंडवर गेली. अण्णांनी पुन्हा बांधलेलं चाक, पुढे ब्रेक, कडेला शाल्मलीला काखेत घेऊन दयानंद. महानंदाने पहिली फेरी जपून मारली. दुसऱ्या फेरीत मांड्या पेटल्या. तिसऱ्या फेरीत, मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला असताना, तिला शाल्मलीचं रडणं ऐकू आलं. क्षणात पान्हा फुटून कुर्ता छातीशी ओला झाला. बोटं ब्रेकवर गेली. पाय मात्र फिरतच होते, चाक त्यांना थांबू देत नव्हतं.

तिथून मागे वळलं काय आणि पुढे गेलं काय, अंतर तेवढंच होतं, अर्ध्या फेरीचं. तिने बोटं ब्रेकवरून उचलली, मान खाली घातली आणि सगळा जोर लावून लेकीकडे निघाली, पुढच्या बाजूने.