मामाजींच्या हिरड्या

प्रेमदासांचा आवाज सेलूतल्या त्यांच्या अख्ख्या वस्तीला ओळखीचा होता. उमेदीची सगळी वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. इंजिनाच्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. असा माणूस गप्प झाला.

आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग त्या फुगल्या आणि हळूहळू दातांवर चढत गेल्या. आरशात बघावं तर समोरच्या दातांची नुसती टोकं दिसायची, बाकी लाल, गुठळ्यागुठळ्यांचं मांस. कितीही घासलं तरी तोंडाचा वास जायचा नाही. प्रेमदासांनी जन्मात कधी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला नव्हता. उलट खर्रा खाणाऱ्या पोरांना ते चारचौघांत झापायचे. आता हे तोंड कुणी पाहिलं तर काय म्हणेल? चोरून खात होता, म्हणेल. ते दुपट्ट्याने तोंड झाकू लागले, विहारात मागे बसू लागले. बायको असती तर तिला तरी दाखवलं असतं.

त्यातच मुलाचं, अश्वजितचं, लग्न झालं. जाम गावची पौर्णिमा सून म्हणून घरात आली. ती वाढायला आली की प्रेमदास मान वळवायचे. भाकर चावताना रक्त यायचं, म्हणून ताट तसंच सरकवून उठायचे.

"मामाजी, भाजी तिखट झाली का?"

"नाई," भिंतीकडे बघत ते म्हणायचे.

एका दुपारी ते हात धुवायला मागच्या अंगणात निघाले, तर पौर्णिमा तिथे आईशी फोनवर बोलत होती. रडत होती.

"आई, ते माह्या हातचं खात नाईत वं. बोलले तं तोंड फिरवून बोलतेत. मी त्याइले आवडलीच नाई. माहं काय चुकलं?"

प्रेमदास दारातच थबकले. आपल्या तोंडाची लाज वाटत होती तोवर ठीक होतं. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण लाज झाकत बसलो आणि या पोरीने ती स्वतःच्या पदरात घेतली. फोन संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग पुढे झाले, दुपट्टा काढला आणि तिच्यासमोर तोंड उघडलं.

पौर्णिमा नकळत एक पाऊल मागे सरली. ते त्यांना दिसलं. त्यांनी तोंड मिटलं, पण तोवर ती जवळ आली होती.

"काऊन नाई सांगतलं, मामाजी?"

"काय सांगू पोरी? लाज वाटे. तुह्यं काई नाई चुकलं. अश्वजितले नको सांगजो."

"सांगीन ना! अन् उद्या डॉक्टरकडे जाऊन राह्यलो आपण."

वर्ध्याच्या दातांच्या डॉक्टर हर्षा वयाने पौर्णिमाएवढ्याच होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न खर्ऱ्याचा विचारला, तेव्हा प्रेमदासांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पुढचा प्रश्न गोळ्यांचा होता. पौर्णिमाने पर्समधून प्रेमदासांच्या रोजच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं.

"या गोळीने काही लोकांच्या हिरड्या वाढतात, काका," डॉक्टर म्हणाल्या. "पण मनाने बंद करू नका. बीपीच्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. आधी आला असतात, तर एवढं वाढलं नसतं."

गोळी बदलली. दात खोलवर साफ झाले. दोन-तीन महिन्यांत सूज बरीच उतरली, पण समोरचं मांस हटेना. ते कापायचं ठरलं.

इंजेक्शनने ओठ बधिर झाला. दुखत नव्हतं; नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं, आणि रक्ताची चव. डॉक्टर चेहरा अगदी जवळ आणून बारीक बारीक कापत होत्या. प्रेमदासांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दुखतंय का?"

त्यांनी नाही म्हणून किंचित मान हलवली. लेकीच्या वयाची पोर आपल्या या घाण तोंडावर वाकली आहे, हे बधिर तोंडाने कसं सांगणार? डॉक्टरांनी कापसाने त्यांचे डोळे पुसले आणि पुन्हा काम सुरू केलं. शेवटी जखमेवर गुलाबी लेप बसवला.

आठवडाभर पौर्णिमाने पातळ खिचडी आणि गार ताक दिलं. लेप निघाला, जखम भरली आणि दात पुन्हा दिसू लागले. अश्वजितने आरसा आणून दिला. प्रेमदासांनी तो घाईने खाली ठेवला.

"मले जामले जायचं हाय," ते म्हणाले.

जामला पौर्णिमाच्या आईने, विहीणबाई नलूंनी, पाणी पुढे केलं, तशी वाटेत मनात जुळवलेली सगळी वाक्यं त्यांना आठवेनाशी झाली.

"पोरगी तुमच्यापाशी रडली," ते खाली बघत म्हणाले. "चूक माही होती. माह्या तोंडात रोग होता अन् मी तो लपवला. तिले वाटलं, तिच्यावर राग हाय."

नलूबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला. मग म्हणाल्या, "मीबी तुमाले लय बोलली, भाऊ. घरात बसून. बऱ्याच शिव्या देल्या."

"बराबर केलं."

त्या आत गेल्या. चुलीपाशी भाकर थापल्याचा आवाज आला. प्रेमदास अजून मान वर करू शकत नव्हते. पण ताट समोर आलं, तेव्हा ते तिथेच, विहीणबाईंच्या समोर बसून जेवले.