साडेतीनचा भोंगा

शाळेत सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. गणित शिकवता शिकवता वीस वर्षं त्यांनी परीक्षांवर पहारा दिला होता. पट्टीच्या मागे कोरलेली सूत्रं, बुटाच्या तळव्याला चिकटवलेली चिठ्ठी, खोकल्याच्या ठेक्यावर मागच्या बाकाला पोचवलेली उत्तरं, सगळं त्यांनी पकडलं होतं. संशय हा माझा स्वभाव नाही, हत्यार आहे, असं त्या म्हणत. घरच्यांना या दोन्हींतला फरक कळत नसे. घरचे म्हणजे तरी कोण, एकटे आप्पा, बाईंचे वडील.

तर अशा भिंगबाईंच्या गाडीला तीन आठवड्यांपासून कुणीतरी हात लावत होतं.

दुपारी साडेतीनला गाडीचा भोंगा वाजायचा. अर्धा-पाऊण मिनिट सगळी इमारत दणाणून सोडायचा आणि गप्प व्हायचा. बाई तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे शाळेत असत. संध्याकाळी घरी आल्या की पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात उभ्या. त्यांची रात्रपाळी, त्यामुळे झोप दुपारची, आणि त्यांची खोली नेमकी गाडीच्या डोक्यावर.

"आजही वाजला," नर्सबाई म्हणायच्या. "डोळा लागला की वाजतो. काल मी पेशंटला इंजेक्शन देताना जांभई दिली. तो घाबरला हो."

"पण हात कोण लावतं, ते दिसलं का तुम्हाला?"

"मी उठून चप्पल शोधेपर्यंत बंद होतो. आणि तुमची गाडी त्या खांबाआड. मला काय दिसणार?"

बाई खाली जाऊन गाडीभोवती फेरी मारत. ओरखडा नाही, काच शाबूत, दारं कुलूपबंद. फक्त एक गोष्ट खटके. दुपारच्या सुट्टीत त्या मुद्दाम येऊन किल्लीचं बटण दाबून जात. तेव्हा काचेमागचा लाल दिवा लुकलुकत असे. संध्याकाळी तो मालवलेला असे. कुलूप आहे, पण पहारा उठलेला. इथे पाणी मुरतंय, बाई स्वतःशी म्हणायच्या.

आणि पाणी कुठे मुरतंय, हेही त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी पार्किंगच्या भिंतीला रंग दिला, तेव्हा गाडी हलवायला त्यांनी पहारेकऱ्याकडे किल्ली दिली होती. पुरता एक तास. तासाभरात माणूस काय नाही करत? त्यांच्या वर्गातली पोरं तर पाच मिनिटांत अख्खी वही उतरवून काढत. शिवाय भोंग्याचा विषय काढला की पहारेकरी बुटांकडे बघायचा. बुटांकडे बघणारा माणूस काय करत असतो, हे भिंगबाईंना कुणी सांगायला नको होतं.

सोमवारी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. सेक्रेटरीने ती वाचून सूचनाफलकावर लावली आणि सांगितलं, "शनिवारी मीटिंग आहे. पहारेकऱ्याकडे उत्तर नसेल तर त्याला कामावरून काढू. बाई, तुमच्यासारखं माणूस उगीच लिहिणार नाही." पहारेकरी नऊ वर्षं त्या फाटकावर होता आणि फाटकाशेजारच्या खोलीतच बायकोसह राहत होता. काम गेलं तर खोलीही जाणार होती. हे बाईंना माहीत होतं. रात्री ते आठवून त्यांना बरं वाटेना, पण परीक्षेत दया दाखवली की पुढच्या वर्षी निम्मा वर्ग कॉपी करतो, असं म्हणून त्या कुशीवर वळल्या.

पुरावा हवा म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हा बुटका, बडबड्या माणूस. गाडीशी बोलायचा आणि मालकाला उत्तरं द्यायचा.

"भोंगा उगाच वाजायची कारणं ठरलेली असतात, बाई," तो म्हणाला. "बॉनेटखाली एक छोटा स्विच असतो, तो मळला की गाडीला वाटतं बॉनेट उघडलं. बॅटरी मेली की भोंगा बिथरतो. काच बोटभर उघडी राहिली, आत काही लटकत असलं, की वाऱ्याने ते हलतं आणि छताजवळचा सेन्सर बोंबलतो. नव्वद टक्के चोऱ्या ह्याच असतात."

त्याने बॉनेट उघडलं आणि त्याची बडबड थांबली. बाई जवळ आल्या.

"काय झालं?"

"हा स्विच कुणी पुसला?"

"कुणी नाही."

"बॅटरीच्या टर्मिनलला ग्रीस कुणी लावलंय? एक कण गंज नाही. वायपरचं पाणी काठोकाठ, कूलंट रेषेवर, ऑइल स्वच्छ. टायरची हवा परवाच बघितल्यासारखी. बाई, गाडी छान ठेवता तुम्ही."

"मी फक्त पेट्रोल भरते," भिंगबाई म्हणाल्या.

बाईंनी वाकून ते लखलखीत इंजिन पाहिलं. म्हणजे हा नुसता चोर नव्हता. पळवण्याआधी गाडी तयार करून ठेवत होता! आठवड्यातून दोनदा त्या हीच गाडी एकटीने चालवत पंचावन्न किलोमीटरवरच्या परीक्षा केंद्रावर जात. रस्ता मोठा, ट्रकांचा. त्या गाडीत कुणीतरी रोज हात घालून काहीतरी करत होतं.

इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखाली एक यंत्र जोडलं. हे म्हणजे गाडीची डायरी वाचणं, असं त्याने सांगितलं. मग तो आकडे वाचत गेला आणि त्याच्या भुवया वर चढत गेल्या.

"बॉनेट नाही, सेन्सर नाही. ड्रायव्हरचं दार. रोज ड्रायव्हरचंच दार. बटण न दाबता, नुसती लोखंडी किल्ली फिरवून उघडलेलं. पहारा बटणाने लावायचा आणि दार किल्लीने उघडायचं म्हटलं की गाडीच्या लेखी तो चोरच, मग मालक का असेना. आणि भोंगा बंद कसा झाला? किल्ली आत लावून फिरवली म्हणून. जाताना पुन्हा किल्लीनेच कुलूप, म्हणून लाल दिवा नाही."

"म्हणजे त्याने किल्लीची नक्कल केलीय."

"कापून आणलेल्या किल्लीला भोंगा ऐकत नाही, बाई. खऱ्या किल्लीच्या पोटात चिप असते, ती ओळखूनच गाडी गप्प बसते. ही तुमचीच किल्ली आहे. दुसरी कुठेय?"

दुसरी कपाटातल्या डब्यात होती. बाई धावत वर गेल्या. डबा उघडला. किल्ली जागच्या जागी. बटण दाबून पाहिलं, तर तिच्यावरचा इवलासा दिवाही लागेना. मेलेली किल्ली ती, तिचा काय उपयोग? बाईंनी डबा बंद केला आणि खाली येऊन सांगितलं की चिपबीप सगळं आजकाल बाजारात मिळतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काखेत कळसा असेल हो, बघा एकदा." पण बाईंचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, आणि उत्तर ठरलं की माणूस गणित तपासत नाही. हे त्या स्वतःच वर्गात दररोज सांगत.

घरात दुसरं माणूस होतं, ते आप्पा. पण आप्पांचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. आप्पांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. वर्षापूर्वी हीच गाडी आत घेताना त्यांनी फाटकाचा खांब घासला, तेव्हा बाईंनी चारचौघांत किल्ली काढून घेतली होती. "आजपासून गाडी चालवायची नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि आप्पा "बरं" म्हणाले होते. आप्पांचं "बरं" म्हणजे दगडावरची रेघ. त्यानंतर दुपारी जेवून, कानाचं मशीन काढून डबीत ठेवून, ते झोपत. निदान बाईंना तरी तसंच वाटे.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत भिंगबाईंनी आपलं जुनं हत्यार काढलं. शाळेतल्या कपाटातून कुणीतरी सतत खडू पळवायचं, तेव्हा त्यांनी कपाटाच्या मुठीला आतून निळ्या खडूची पूड लावली होती आणि तासाभरात चोर पकडला होता. आज त्यांनी तीच निळी पूड ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला, बोटं जातात तिथे, आतल्या बाजूने फासली. बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकला, त्या शाळेत गेल्या. सातवीच्या तासाला त्यांनी दोनदा चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं.

सव्वापाचला परत आल्या. नर्सबाई जिन्यातून ओरडल्या, "वाजला!" बाई थेट गाडीकडे. मुठीतली पूड चार बोटांनी पुसली गेली होती. खात्री करायला त्यांनी स्वतः आत बोटं घालून पाहिली आणि तशाच तरातरा फाटकावर गेल्या.

पहारेकरी खुर्चीतून उठला.

"हात दाखव."

"काय, बाई?"

"हात. दोन्ही. पालथे नाही, उताणे कर."

फाटकातून दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन येत होत्या, त्या थांबल्या. नर्सबाई जिन्यातून खाली आल्या. पहारेकऱ्याने पन्नाशीचे, भेगाळलेले हात पोरासारखे पुढे केले. हात स्वच्छ होते.

"धुतलेस," बाई म्हणाल्या.

"नळाला सकाळपासून पाणी नाही," पहारेकरी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "माझे बघून झाले. आता तुमचे बघा."

बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चारही बोटं निळी होती. पिशवीवाल्यांपैकी एक फिसकन हसली. बाई जिना चढून घरात शिरल्या.

आप्पा खिडकीशी बसून चहा पीत होते. कानाचं मशीन अजून डबीतच होतं. पांढऱ्या कपाच्या कानावर निळा डाग होता. डबीच्या झाकणावर निळा ठसा होता. आप्पांच्या नाकाच्या शेंड्यालासुद्धा निळं लागलं होतं.

भिंगबाई त्यांच्यासमोर बसल्या. वीस वर्षं मागचा बाक बघता बघता पहिला बाक बघायचा राहिला होता.

त्यांनी खुणेने मशीन कानात घालायला लावलं. मग विचारलं, "आप्पा, गाडीला हात लावता?"

आप्पांनी कप ठेवला. "लावतो."

"शब्द दिला होतात."

"चालवायची नाही म्हणालीस. बघायची नाही, असं कुठे म्हणालीस?" त्यांनी चष्मा नीट केला. "माझी दुपारची ड्यूटी चारची असायची. साडेतीनला डेपोत जाऊन आधी गाडी बघायची. ऑइल, पाणी, बॅटरी, हवा. एकतीस वर्षांत एकदाही न बघता गाडी काढली नाही मी. तू तर बॉनेट कुठून उघडतं तेही बघत नाहीस, आणि त्या ट्रकांच्या रस्त्यावर एकटी जातेस. मला झोप येत नाही दुपारची. वर्ष झालं, रोज बघतो."

"आणि भोंगा?"

"कसला भोंगा?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. सगळ्या इमारतीची झोप उडवणारा भोंगा ज्याच्या हाताने वाजत होता, त्यालाच तो ऐकू येत नव्हता. हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभर दुसऱ्या किल्लीचं बटण चालत होतं, म्हणून भोंगा वाजत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी बटण रुसलं, तेव्हा आप्पांनी किल्ली सरळ कुलपात घातली; तिच्या पोटातल्या चिपला सेल लागत नाही, म्हणून आत फिरवली की गाडी तिला ओळखून गप्प व्हायची. दिवे लुकलुकायचे, पण ते तर बटण दाबल्यावरही लुकलुकतात, त्यात काय विशेष? इंजिनाची नस न् नस तपासणाऱ्या माणसाला, किल्लीच्या आतही एक सेल असतो आणि तोही मरतो, हे माहीत नव्हतं. बसच्या किल्लीत कधी सेल नव्हता.

"गाडी विकू नकोस," आप्पा म्हणाले. "नाही बघणार उद्यापासून."

बाईंना हे ऐकवेना. त्या उठल्या, हातही न धुता खाली गेल्या. पहारेकरी खुर्चीत बसला होता. यावेळी तो उठला नाही.

"तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"शनिवारी तुझं काम जाणार होतं. तरी बोलला नाहीस?"

"आप्पा म्हणाले होते, तिला कळलं तर ती गाडी विकेल. मग त्यांना खाली उतरायला कारणच काय राहिलं?" पहारेकऱ्याने बुटांकडे पाहिलं. "सांगितलंही असतं, बाई. तीन आठवडे वाट बघत होतो. पण तुम्ही मला विचारलंच नाहीत. हात दाखव म्हणालात."

वर्गात त्या कुणाला आधी विचारत असत का, ते त्यांना आठवेना.

त्या सूचनाफलकाशी गेल्या. त्यांचंच वळणदार अक्षर, आठ मुद्दे, खाली सही. पर्समधून त्यांनी तांबडा पेन काढला आणि पेपर तपासतात तशी वरपासून खालपर्यंत एक फुली मारली. कोपऱ्यात गोल काढून शून्य लिहिलं. खाली लिहिलं, "संपूर्ण उत्तर चूक. दार माझ्याच घरातून उघडलं जात होतं. पहारेकऱ्यांची माफी मागते." सही करताना निळी बोटं कागदावर उमटली. नर्सबाई मागे येऊन वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे उद्या झोपू ना मी?"

शुक्रवारी शाळेच्या वाटेवरच्या घड्याळजीकडून बाईंनी बटणाएवढा सेल आणला, मेलेल्या किल्लीत बसवला आणि दुपारच्या सुट्टीत ती किल्ली आप्पांच्या हातात दिली. गाडीपाशी नेऊन दाखवलं, हे दाबायचं, मग दार. आप्पांनी दाबलं. लाल दिवा मालवला, भोंगा गप्प राहिला.

"आता मला दाखवा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बॉनेट कुठून उघडतं ते."

आप्पांनी काच पुसून बस सुरू करावी तसा चष्मा पुसला. फाटकावरून पहारेकरी बघत होता. बाईंनी त्याला हाताने खूण केली, आणि तोही येऊन त्या उघड्या इंजिनाशी उभा राहिला.